गावात भयपट करताय? अंधार फुकट मिळत नाही: या चुका टाळा

खिशात पैसे नसताना करावा असा सिनेमा म्हणजे भयपट. इतर गोष्टींत गरिबी पडद्यावर उघडी पडते. इथे जे दिसत नाही तेच घाबरवतं, आणि न दाखवायला पैसे लागत नाहीत. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (2007) दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात, सुमारे 15,000 डॉलरमध्ये झाला. त्यातली बरीचशी भीती एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यातून आणि बेडरूमच्या उघड्या दारातून येते. विदर्भातल्या खेड्यात तर निम्मा माल तयारच आहे: जागलीचा माळा (रात्री पीक राखायला बांधलेला मचाण), पडका वाडा, डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास मावळणारा सूर्य, आणि वाट चुकवणारं भूत, चकवा. चकव्याला मेकअपही लागत नाही. तीच बाभूळ तिसऱ्यांदा फ्रेममध्ये आली की माणूस वाट चुकलाय हे आपोआप कळतं.

तरी गावात केलेल्या अशा बऱ्याच फिल्म पहिल्या दोन मिनिटांतच बंद केल्या जातात. त्याची कारणं बहुधा पुढचीच असतात.

अंधारात अंधार शूट करणे

सगळ्यात जास्त फिल्म इथे मरतात. रात्र आहे म्हणून लाईट न लावता मोबाईल सुरू केला, की तो आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 3200 च्या वर नेतो, काळ्या भागात मुंग्या चालल्यासारखा नॉइज येतो, आणि यूट्यूबवर गेल्यावर त्याच्या चौकड्या पडतात. अंधार दाखवायचा तर उजेड लागतो. फक्त तो योग्य बाजूने यावा लागतो.

कलाकाराच्या मागून, थोडा तिरपा, 10 ते 12 फूट उंचीवर एक एलईडी लावा. बांबू किंवा कडुलिंबाची फांदी चालते. खांद्याला आणि केसांना उजेडाची कड मिळते, चेहरा अर्धा काळोखात राहतो. मागे एखादी भिंत किंवा झाडाचं खोड हलकं उजळा, नाहीतर माणूस शाईत बुडाल्यासारखा दिसतो. मॅन्युअल कॅमेरा ॲपमध्ये आयएसओ 400 ते 800 च्या आत, फोकस लॉक, आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कोणता धरायचा ते ठरवणारी सेटिंग) 4000 ते 4300 केल्विनवर लॉक करा. पांढरा 6500 केल्विनचा एलईडी मग चांदण्यासारखा निळसर येतो आणि कंदील पिवळाधमक राहतो. शूट थोडं उजळच करा, काळं एडिटिंगमध्ये होतं. उलट करता येत नाही.

कंदिलाने कलाकाराचा चेहरा उजळेल ही आशा सोडा. कंदिलाच्या आड, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा छोटा पिवळा एलईडी हाताला बांधा.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर दोष शटरचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून बल्ब सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 किंवा 1/100 सेकंद शटर ठेवा. मोबाईलचं 30 फ्रेम आणि 1/60 इथे नडतं. एवढं करूनही दिवा मंद-तेज होत असेल तर शेजारच्या वावरात मोटार सुरू झाली असेल, व्होल्टेज पडलं असेल. त्यापेक्षा घरच्या बॅटरीवाल्या फवारणी पंपाची 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासाची बॅटरी काढा. साध्या 5 मीटर एलईडी पट्टीला 2 अँपिअरच्या आसपास लागतात, म्हणजे हिशेबाने चार तास, तीनच धरा. मध्ये 5 अँपिअरचा फ्यूज टाका. बॅटरीची वीज एकसारखी (डीसी) असल्याने लुकलुकही नाही, लाईन गेली तरी काम थांबत नाही.

फक्त बॅटरीच काढा. पाऊस दाखवायला त्याच पंपाने कलाकारावर पाणी मारायची कल्पना कुणाला तरी सुचतेच. टाकी कितीही धुतली तरी औषधाचा अंश राहतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत. पावसासाठी बादली आणि भोकं पाडलेला पाइप पुरे.

आवाजाकडे "नंतर पाहू" म्हणणे

अंधुक चित्र लोक चालवून घेतात, फुटका आवाज नाही. रातकिडे एका टेकला जोरात, दुसऱ्याला गप्प; जोडल्यावर प्रत्येक कटला आवाज उडी मारतो. म्हणून प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट नुसता परिसर रेकॉर्ड करा आणि तो सबंध सीनखाली पसरा. संवादासाठी दुसरा मोबाईल कलाकाराच्या खिशात, कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर, सुरुवातीला एक टाळी, म्हणजे नंतर आवाज चित्राशी जुळवता येतो. कृषिपंपांना रात्रपाळीची लाईन कोणत्या दिवशी आहे हे वायरमनला विचारूनच तारीख धरा, नाहीतर भुताच्या मागे मोटारीची घरघर येत राहील.

ओठ आणि शब्द सुरुवातीला जुळतात, पाचव्या मिनिटाला फाटतात? मोबाईल फ्रेम रेट बदलता ठेवतो. फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून 25 फ्रेम, कॉन्स्टंटवर (न बदलणाऱ्या वेगावर) काढा आणि मगच एडिटिंगला घ्या.

भूत जवळून दाखवणे

पावडर फासलेला चेहरा क्लोजअपमध्ये आला की गावातली पोरं हसतात, कारण त्यांना तो कोण आहे ते माहीत असतं. भूत धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), 40-50 फूट लांब, न हलता उभं ठेवा. कुणी त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. कॅमेराही तिकडे वळवू नका.

झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचे, कलाकार मिळाले तर नशीबच. पण त्यांचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेसाठी तयार झालेला असतो. बाजूच्या खोलीत पोर झोपलंय असं सांगून संवाद म्हणवून घ्या. दिवाळीनंतर त्यांच्या रात्री बुक असतात, तेव्हा घरातले सीन दिवसाच घ्या: खिडकीला काळी ताडपत्री, दाराला घोंगडी.

रक्त

नुसता रंग पाण्यात कालवला तर तो सरबतासारखा ओघळतो. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारी पाक. थंड झाल्यावर अर्धा चमचा खायचा लाल रंग आणि एक चमचा कोको. कोकोशिवाय मोबाईल त्याला गुलाबी करतो. कपड्यावर लावायचं असेल तर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घाला, डाग लवकर निघतो. तोंडात घ्यायच्या रक्तात मात्र नाही. निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो, म्हणून रक्ताचा शॉट कंदिलाजवळच घ्या. स्वच्छ सदऱ्याचे सगळे टेक आधी. आणि मुंग्या येतातच, पडून राहायचा सीन लवकर उरका.

जागा न पाहता रात्री जाणे

रानडुकरांसाठी काही जण धुऱ्याला जिवंत तार सोडतात. बेकायदा आहे, पण अंधारात पायाला लागली की सुटका नाही. वावर कुणाचंही असो, मालकाला सोबत घ्या आणि दिवसा पूर्ण चक्कर मारा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे जंगलाच्या कडेला रात्री शूट नकोच, वाघ आहेत. गावातली चार झाडंही कॅमेऱ्यात जंगल होतात. धुरासाठी गोवरी पेटवायची तर कापसाच्या गंजीपासून आणि कुटारापासून (वाळक्या चाऱ्यापासून) लांब, वाऱ्याची दिशा पाहून, शेजारी पाण्याने भरलेले दोन गुंड (हंडे). पडक्या विहिरीच्या काठावर एकही शॉट नको.

पांढऱ्या लुगड्यातली बाई मध्यरात्री डांबरी रस्त्यावर उभी केली तर मोटारसायकलवाला नाल्यात जाईल आणि गाव काठ्या घेऊन येईल. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना तारीख, वेळ, जागा आधी सांगा. पांदण रस्ता (शेतांमधली कच्ची वाट) निवडा, दोन्ही टोकांना टॉर्च घेऊन माणूस.

"सत्य घटनेवर आधारित"

ही पाटी टाकून खऱ्या गावाचं नाव आणि खरं आडनाव वापरण्याचा मोह होतो. गावात एखाद्या म्हातारीवर करणीचा संशय आधीच असेल तर तुमची फिल्म तिच्या दारावर दगड घेऊन जाते. कुणाला करणी करणारी ठरवून बदनाम करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. गावाचं नाव बनवा, आडनाव काढा, आणि ज्याच्या वाड्यात शूट केलं त्याला अपलोडच्या आधी फिल्म दाखवा. पोरीच्या सोयरिकीच्या वेळी घर भुताचं ठरलं, तर तो मालक पुढच्या फिल्मला कुलूप उघडणार नाही.