ऑटोमॅटिक कार वॉश मशीन मधेच बंद पडतंय आणि रिसेट मारला की चालतंय? पार्ट बदलायच्या आधी हे करा

मशीन कायमचं बंद पडलं तर परवडतं, निदान काय गेलंय ते सापडतं तरी. डोकं खातो तो कधी येतो कधी जातो असा फॉल्ट, सकाळी चार गाड्या मस्त धुवून होतात, पाचवीला गॅन्ट्री (ब्रशवाली, रुळांवर सरकणारी कमान) मधेच थांबते, पोरगा रिसेट मारतो, परत चालू. आणि टेक्निशियन आला की मशीन हमखास शहाण्यासारखं वागतं. मी बोलतोय ते रोलओव्हर मशीनबद्दल, म्हणजे गाडी उभी आणि मशीन रुळांवर पुढे-मागे. टनेलवाल्यांनाही (जिथे मशीन जागेवर आणि गाडी पुढे सरकते) यातलं बरंच लागू पडेल.

पहिली गोष्ट, रिसेटला हात लावायच्या आधी मोबाईलवर दोन फोटो काढा, एक स्क्रीनवरच्या एररचा आणि एक पॅनल उघडून पीएलसीच्या (मशीन चालवणारा कंट्रोलर) इनपुट लाइटचा, म्हणजे कुठला सेन्सर सिग्नल देतोय ते दाखवणाऱ्या बारक्या दिव्यांचा. रिसेट मारला की पुरावा गेला. शिवाय पॅनलजवळ एक वही लटकवा आणि वेळ, गॅन्ट्री रुळावर कुठे होती, फोम चालू होता का ब्लोअर, ऊन का पाऊस, एवढं ऑपरेटरला लिहायला लावा. कंटाळा करतात पोरं, पण आठवडाभर लिहिलं तर निम्मं काम वहीच करते.

आता वही वाचा. दरवेळी रुळावर त्याच जागी थांबत असेल तर संशय सरळ ड्रॅग चेनमधल्या (गॅन्ट्रीबरोबर केबल वाहून नेणारी साखळी) केबलवर. तिथे वायर सतत वाकते, वरचं इन्सुलेशन धड दिसतं आणि आत तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात, मशीन उभं असताना मल्टिमीटर लावला तर कंटिन्युइटी (वायर सलग आहे) बरोब्बर दाखवतो आणि आपण म्हणतो केबल ओके आहे. तसं नाही बघायचं, एकाने गॅन्ट्री मॅन्युअलवर हळू चालवायची, दुसऱ्याने पॅनलमध्ये त्या सेन्सरच्या इनपुट लाइटवर नजर ठेवायची, त्या जागी आली की लाइट लुकलुकतो. केबलमध्ये स्पेअर कोर, म्हणजे न वापरलेली वायर असेल तर कनेक्शन त्याच्यावर घेऊन दिवस काढा, पण नवीन टाकाल ती ड्रॅग चेनसाठी बनवलेली फ्लेक्सिबलच टाका, बाजारातली साधी केबल तिथे टिकत नाही.

त्याच जागी थांबतंय पण केबल चांगली निघाली तर प्रॉक्सिमिटी, म्हणजे समोर लोखंडी पट्टी आली की न टेकता ओळखणारा सेन्सर बघा. सेन्सरवर रेंज 8 एमएम आहे म्हणून गॅप 8 ठेवू नका, 5 च्या आसपास ठेवा, रूळ थोडा झिजला किंवा समोरची पट्टी वाकली की काठावरचा सेन्सर कधी पकडतो कधी सोडतो.

ठराविक वेळेला होतंय? संध्याकाळचं तिरपं ऊन थेट फोटो सेन्सरच्या रिसीव्हरवर येत असेल. एमिटर (बीम सोडणारा) आणि रिसीव्हरच्या (बीम पकडणारा) जागा अदलाबदल केल्या की बऱ्याचदा भागतं. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर लेन्सवर क्षाराचा पांढरा थर बसतोच, नुसत्या फडक्याने निघत नाही, व्हिनेगर किंवा पाण्यात लिंबूसत्व घालून मऊ कापडाने पुसा, घासणी अजिबात नको. बऱ्याच सेन्सरवर आउटपुटच्या लाइटशिवाय एक हिरवा लाइट असतो, बीम दमदार मिळतोय का ते तो सांगतो, तो मिणमिणत असेल तर सेन्सर चांगला असूनसुद्धा त्रास देणार.

ब्लोअर चालू होतानाच ट्रिप होत असेल तर सेन्सर सोडा, व्होल्टेज बघा. मोठ्या मोटर एकदम उठल्या की सप्लाय क्षणभर बसतो, कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) सुटतो किंवा 24 व्होल्टचा एसएमपीएस (कंट्रोलला वीज देणारा पॉवर सप्लाय) ढेपाळतो आणि पीएलसी भलताच एरर दाखवतो. मीटरचा मिन-मॅक्स मोड लावून एसएमपीएसच्या आउटपुटवर एक पूर्ण सायकल सोडा. व्हीएफडीची (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) फॉल्ट हिस्टरीपण उघडा, अंडरव्होल्टेज तिथे नोंदलेलं सापडतं. जनरेटरवर असतानाच होतंय का हेही विचारा.

सकाळी पहिल्या गाडीला किंवा पावसाळ्यात जास्त होतंय, तर जंक्शन बॉक्स उघडा. टर्मिनलवर हिरवट काही दिसलं की चोर सापडला. केबल नेहमी बॉक्सच्या खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. सगळीकडून सिलिकॉन थापायची आपल्याकडे फार हौस, त्याने आतली वाफ आतच कोंडते.

पाण्याचा एरर असेल तर पंप बदलायच्या आधी स्ट्रेनर (पाण्याची जाळी) साफ करा आणि टाकीची पातळी बघा, बाकी काही नसतं बऱ्याचदा.

पॅनलमध्ये हात घालताना मेन आयसोलेटर बंद करून कुलूप लावा, व्हीएफडी असेल तर 10 मिनिटं थांबा, कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) मारायचा तर आधी मोटरची वायर व्हीएफडीपासून सोडवा, नाहीतर ड्राइव्ह उडेल. आणि बंपरचा सेफ्टी स्विच वायर टाकून बायपास करायचा जुगाड "आजच्या दिवसापुरता"सुद्धा नको, मशीनच्या पुढे माणूस असतो.

दुरुस्ती झाली की रिकाम्या मशीनवर सलग सायकल मारा, पाणी, फोम, ब्लोअर सगळं चालू ठेवून, कारण कोरड्या मशीनवर हा फॉल्ट बऱ्याचदा येतच नाही. काढलेल्या सेन्सरवर मार्करने "खराब" लिहून सरळ भंगारात टाका, स्पेअरच्या डब्यात ठेवलात तर पुढच्या पावसाळ्यात कोणीतरी तोच परत बसवेल.