‘सुटला’ लिहिण्याआधी: बेल, डिस्चार्ज, अ‍ॅक्विटल आणि पॅरोल

नागपुरात कोर्टाची बातमी लिहायला किंवा आदेशांचा मराठी अनुवाद करायला नवा माणूस बसला, की त्याची पहिली चूक बहुधा एकाच शब्दावर होते. तो शब्द म्हणजे ‘रिलीज’. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठातून, जिल्हा न्यायालयातून आणि वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहातून हा शब्द रोज वेगवेगळ्या अर्थाने येतो. मराठीत मात्र त्याचं सरसकट ‘सुटला’ होतं, आणि घाईत ‘निर्दोष सुटला’. ज्याचा खटला अजून उभाच राहिलेला नाही त्याला निर्दोष म्हणणं चूक आहे, आणि जो निर्दोष ठरला त्याचा ‘जामीन रद्द’ असं छापणं तर त्याहून वाईट. सोयरीक जुळवणारे आणि नोकरी देणारे आदेश वाचत नाहीत, बातमी वाचतात.

म्हणून आधी एक गोष्ट विचारायची: हा कच्चा कैदी आहे की पक्का? कागदोपत्री कच्च्याला न्यायाधीन बंदी म्हणतात आणि पक्क्याला सिद्धदोष बंदी. जामीन मुख्यतः कच्च्याचा. पॅरोल आणि फर्लो, म्हणजे कारागृहातून मिळणाऱ्या रजा, फक्त पक्क्याचे. एवढं ठरलं की निम्मे घोळ तिथेच संपतात.

आता जामिनाच्या आदेशाचा शेवटचा भाग बघा. साधारण मजकूर असा असतो: अर्ज मंजूर, अर्जदाराने २५,००० रुपयांचा पी. आर. बाँड आणि तेवढ्याच रकमेचा एक सॉल्व्हंट शुअर्टी दिल्यावर त्याला सोडावे. नवा माणूस लिहितो, ‘२५ हजार रुपये भरून जामिनावर सुटका’. इथे कुणी एक पैसाही भरलेला नसतो. पी. आर. बाँड म्हणजे जातमुचलका: तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढी रक्कम देणं लागेन, असं आरोपीने स्वतः लिहून देणं. शुअर्टी म्हणजे जामीनदार, म्हणजे हाडामांसाचा माणूस. तो सातबारा, घरटॅक्सची पावती किंवा ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात उभा राहतो. पैसे भरायची वेळ येते ती आरोपी गैरहजर राहिला आणि मुचलका जप्त झाला तर. रोख जामीन हा वेगळा प्रकार आहे आणि तो दिला असेल तर आदेशात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘बेल’ची व्याख्याच नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘बेल’, ‘बाँड’ आणि ‘बेल बाँड’ या तिन्हींच्या व्याख्या आल्या. बाँड म्हणजे जामीनदाराशिवायची हमी, बेल बाँड म्हणजे जामीनदारासहची. अनुवाद करताना पहिल्याला जातमुचलका आणि दुसऱ्याला जामीनपत्र असे दोन शब्द ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. एका परिच्छेदात ‘बंधपत्र’, दुसऱ्यात ‘मुचलका’, तिसऱ्यात ‘हमीपत्र’ असं झालं, तर वाचणाऱ्याला वाटतं तीन वेगळे कागद द्यायचे आहेत.

जामिनाच्या घरातच आणखी दोन गोष्टी आहेत. अटकपूर्व जामिनात माणूस कोठडीत गेलेलाच नसतो, त्यामुळे तिथे ‘सुटका’ हा शब्दच बसत नाही. ‘अटकेपासून संरक्षण’ म्हणावं. आणि डिफॉल्ट बेल. पोलिसांनी ६० दिवसांत, किंवा फाशी, जन्मठेप अथवा १० वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर आरोपीला मिळणारा हा हक्क आहे. कोर्टाने इथे पुराव्याकडे पाहिलेलंच नसतं. ‘पुरावा नसल्याने जामीन’ असं लिहिलं तर ते साफ खोटं ठरतं.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस बाहेर आला, असंही नाही. आदेशात बहुतेक वेळा एक अट असते: अन्य प्रकरणात आवश्यकता नसल्यास सोडावे. दुसऱ्या गुन्ह्यात तोच माणूस हवा असेल तर कारागृहाचं दार उघडत नाही. जामीनदाराची कागदपत्रं तपासायलाही वेळ जातो. म्हणून आदेशाच्या दिवशी ‘जामीन मंजूर’ लिहा. ‘सुटका’ हा शब्द तो खरोखर बाहेर पडल्यावरच.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘डिस्चार्ज’ आणि ‘अ‍ॅक्विटल’ यांचा आहे, आणि तो समजायला आधी दोषारोपपत्र आणि दोषारोप यांतला फरक हवा. दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. दोषारोप कोर्ट ठेवतं. कोर्टात याला ‘चार्ज फ्रेम झाला’ म्हणतात. या दोन टप्प्यांच्या मधे आरोपीने अर्ज केला आणि कोर्टाला खटला चालवण्याइतकंही काही दिसलं नाही, तर होतो तो डिस्चार्ज. कायद्याच्या मराठीत याला ‘विनादोषारोप सोडणे’ म्हणतात. शब्द लांबलचक आहे, पण तंतोतंत आहे: दोषारोप न ठेवताच सोडलं. साक्षीदार तपासले गेलेले नसतात, खटला चाललेला नसतो. नव्या संहितेत या अर्जाला मुदतही आली आहे. सत्र न्यायालयातल्या प्रकरणात प्रकरण तिकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवस.

अ‍ॅक्विटल म्हणजे खटला चालला, निकाल लागला आणि आरोपी निर्दोष ठरला. हीच खरी ‘निर्दोष मुक्तता’. फरक नुसता शब्दांचा नाही. निर्दोष ठरलेल्यावर, तो निकाल टिकून असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. डिस्चार्ज झालेल्याला हे संरक्षण नाही. नवा पुरावा आला तर त्याच्यावर पुन्हा कारवाई होऊ शकते. कायद्याने हे स्पष्टच लिहून ठेवलं आहे की डिस्चार्ज म्हणजे अ‍ॅक्विटल नव्हे. पुढची वाटही वेगळी: निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपील होतं, डिस्चार्जविरुद्ध साधारणपणे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश बरोबर आहे का ते वरच्या कोर्टाने तपासावं अशी मागणी. तेव्हा बातमीत ‘अपील करणार’ की ‘पुनरीक्षण अर्ज करणार’ हेही तपासून लिहा.

‘संशयाचा फायदा’ मिळालेला माणूसही निर्दोषच सुटलेला असतो. ‘निर्दोष नाही, फक्त संशयाचा फायदा’ असा तिरका सूर लावायचं कारण नाही. कोर्टाने तसं म्हटलं असेल तर तेवढंच नोंदवावं.

आता दोन सापळे, ज्यांत अनुभवी लोकही अडकतात. निर्दोष मुक्ततेच्या आदेशात ‘बेल बाँड्स स्टँड कॅन्सल्ड’ असं वाक्य येतं. घाईत वाचलं की ‘जामीन रद्द’ असं मराठी होतं आणि मथळा नेमका उलटा लागतो. त्या वाक्याचा अर्थ एवढाच की खटला संपला, आता जुना मुचलका आणि जामीनदार दोघेही मोकळे. खरा जामीन रद्द होतो तेव्हा आदेशात आरोपीला शरण येण्याचं किंवा ताब्यात घेण्याचं फर्मान असतं. ते नसेल तर थांबा, आदेशातला त्याच्या वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

दुसरा सापळा उच्च न्यायालयाच्या भाषेतला. ‘रूल डिस्चार्ज्ड’ दिसलं की वाटतं आरोपीला सोडलं. प्रत्यक्षात याचिका फेटाळली आहे. ‘रूल मेड अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणजे याचिका मंजूर. इथल्या ‘रूल’चं ‘नियम’ करू नका. ‘याचिका मंजूर’ किंवा ‘याचिका फेटाळली’ एवढं पुरतं. गुन्हाच रद्द करून मागितला असेल आणि रूल अ‍ॅब्सोल्यूट झाला असेल, तर त्याला ‘क्वॅश’, म्हणजे ‘गुन्हा रद्द’ म्हणावं. तिथे ना निर्दोष, ना विनादोषारोप.

कलमांचा आकडाही फसवतो. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार, म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि गुन्हा रद्द करण्याचं कलम झालं ५२८. जुनी प्रकरणं अजून जुन्या कायद्याखाली चालू आहेत, त्यामुळे नुसता आकडा बघून अर्थ लावू नका. कायद्याचं नाव आणि वर्ष सोबत हवंच.

पक्क्या कैद्यांकडे वळू. अपील चालू असताना शिक्षेला स्थगिती मिळून जामीन झाला, तर दोष कायम असतो. ‘शिक्षा रद्द’ लिहिणं चूक, ‘शिक्षेला स्थगिती’ बरोबर. कोर्टाने ‘आजवर भोगली तेवढीच शिक्षा’ असा आदेश दिला, तरी माणूस दोषीच असतो. फक्त तुरुंगात राहायचं उरलेलं नसतं. परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, यातही दोष सिद्ध झालेला असतो, पण चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर शिक्षा न सुनावता सोडतात. पॅरोलशी त्याचा संबंध नाही.

पॅरोलला मराठीत अभिवचन रजा म्हणतात, फर्लोला संचित रजा. महाराष्ट्रात दोन्ही राज्याच्या कारागृह नियमांखाली मिळतात. अभिवचन रजेला कारण लागतं: घरातलं गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न. संचित रजा ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, कारण न दाखवता मागता येते. तिचा हेतू घराशी नातं तुटू नये हा. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत. रजेवरचा कैदी वेळेत परतला नाही तर ‘फरार’ लिहिण्याआधी रजेला मुदतवाढ मिळाली होती का ते विचारा. आणि रजा देणं हे न्यायदानाचं काम नाही, प्रशासनाचं आहे. नाकारली तर कैदी रिट याचिका घेऊन खंडपीठात येतो. म्हणून ‘कोर्टाने जामीन दिला’ आणि ‘कोर्टाने रजा देण्याचे निर्देश दिले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

उरलेले शब्द थोडक्यात. रेमिशन म्हणजे शिक्षेत सूट: शिक्षा तीच, दिवस कमी. कम्युटेशन म्हणजे शिक्षेचा प्रकारच सौम्य करणं, जसं फाशीची जन्मठेप. पार्डन म्हणजे माफी. राज्यपाल आणि राष्ट्रपती जी देतात ती एक, आणि माफीच्या साक्षीदाराला कोर्ट देऊ करतं ती दुसरी. दोन्हींना मराठीत माफीच म्हणतात, म्हणून कोणी दिली ते वाक्यात यायलाच हवं.

कामाची पद्धत अशी ठेवा. आदेश खालून वर वाचा, कारण शेवटचा कार्यकारी भाग नेमकं काय झालं ते सांगतो. मग पहिल्या पानावर जाऊन प्रकरणाचा प्रकार बघा: जामीन अर्ज, पुनरीक्षण, अपील की रिट. दोन्ही जुळले नाहीत तर आदेशाच्या मधल्या भागात उत्तर असतं. तरीही टप्पा कळला नाही, आणि छपाईची वेळ झाली, तर ‘कारागृहाबाहेर आला’ एवढंच लिहा.