ब्रिटिश ओपन बघायची तर आधी वारा बघा

गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी कोकणात बसून जागरण न करता बघता येते ती एकच, जुलैमधली ब्रिटिश ओपन. एप्रिलची मास्टर्स, मेमधली पीजीए चॅम्पियनशिप आणि जूनमधली यूएस ओपन या तिन्ही अमेरिकेतल्या. मास्टर्सचा निकाल लागतो तेव्हा आपल्याकडे सोमवारची पहाट व्हायला आलेली असते. ब्रिटन मात्र जुलैत आपल्या साडेचार तासच मागे. गुरुवारी पहिला फटका आपल्या अकराच्या सुमारास बसतो. रविवारी शेवटची जोडी संध्याकाळी सात-साडेसातला निघते, म्हणजे जेवून बसलात तरी शेवटचे नऊ होल (मैदानाचे टप्पे, प्रत्येकाच्या शेवटी झेंडा लावलेल्या खळग्यात चेंडू घालायचा) सापडतात. मासेमारी बंदी चालू असते, लावणी उरकत आलेली असते, त्यामुळे सोबतीला माणसंही मिळतात.

हिशोब सोपा आहे. गुरुवार ते रविवार रोज 18 होल, एकूण 72, आणि सगळ्यात कमी फटके त्याचा विजय. प्रत्येक होल किती फटक्यांत व्हावा हे ठरलेलं असतं, तो त्याचा पार: तीन, चार किंवा पाच. पारपेक्षा एक कमी म्हणजे बर्डी, दोन कमी म्हणजे ईगल, एक जास्त म्हणजे बोगी. सुरुवात 156 जण करतात. शुक्रवारी 36 होल झाले की पहिले 70 आणि सत्तराव्याच्या बरोबरीचे सगळे राहतात, बाकीचे घरी. ही कटची रेषा आपल्याकडे शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर पक्की होते. त्यासाठी जागू नका, शनिवारी सकाळी बघा.

आता मुख्य गोष्ट, जागा. ही स्पर्धा फक्त लिंक्स मैदानांवर होते. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूच्या टेकाडांचा पट्टा, जिथे पीक येत नाही. गुहागरला पुळणीमागे सुरूचं बन लागतं तशी जागा, फक्त झाडं काढून टाकलेली आणि बारीक, ताठ गवत असलेली. खाली वाळू असल्याने पाणी झटकन जिरतं, जमीन कडक राहते आणि चेंडू पडल्यावर बराच पुढे घरंगळतो. झाडांचा आडोसा नसतो. म्हणून इथे खेळाडूची पहिली गाठ वाऱ्याशी असते, आणि किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ती गाठ लवकर कळते.

होडीवाले वापरतात तेच विंडी अ‍ॅप उघडा, मैदानाचं गाव शोधा आणि वाऱ्याचं एकक ताशी मैल करून ठेवा. सरासरी वेगाबरोबर झोताचा आकडाही बघा, कारण अंदाज चुकवतो तो झोत. मग हा ठोकताळा वापरा: समोरून येणारा वारा ताशी एका मैलाला अंतर साधारण एक टक्का वाढवतो, पाठचा वारा त्याच्या निम्म्याने कमी करतो. झेंडा 150 यार्डांवर (यार्ड म्हणजे आपला वार, तीन फूट) आणि समोरून 20 मैलांचा वारा असेल, तर फटका 180 यार्डांचा समजून मारावा लागतो. तोच वारा पाठीशी असेल तर 135 यार्डांचा. हे माहीत नसलं की खेळाडूने चेंडू मुद्दाम बुटका, जमिनीलगत का मारला ते कळत नाही, आणि आपण उगाच त्याला नावं ठेवतो.

सेंट अँड्र्यूज आणि रॉयल ट्रूनसारख्या मैदानांवर पहिले नऊ होल साधारण एका दिशेने जातात आणि पुढचे नऊ उलटे परत येतात. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर. अशा दिवशी नऊ होलांनंतर पारपेक्षा चार खाली असलेल्या माणसाला आघाडीवर धरू नका. स्कोअरबोर्डवर नावापुढचा लाल आकडा पारपेक्षा किती खाली ते सांगतो, आणि शेजारचा 'थ्रू'चा रकाना किती होल झाले ते. हे दोन्ही एकत्र वाचायचे. चार खाली राहून 18 होल संपवून बसलेला माणूस, वाऱ्यात नऊ होल बाकी असलेल्यापेक्षा पुष्कळदा वरचढ असतो.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. इथे सगळे पहिल्याच होलवरून सुरुवात करतात, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या गटात जवळजवळ दहा तासांचं अंतर पडतं. गुरुवारी सकाळी निघालेले शुक्रवारी दुपारी निघतात, दुपारचे सकाळी. एका बाजूला दोन्ही दिवस शांत हवा आणि दुसरीला दोन्ही दिवस सोसाटा, असं घडू शकतं. म्हणून बुधवारीच वेळापत्रक आणि वाऱ्याचा अंदाज शेजारी ठेवून आपल्या खेळाडूचा गट बघून घ्या. भारतीय खेळाडू पडद्यावर फारसे दिसत नाहीत. 2023 साली रॉयल लिव्हरपूलला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. अशा वेळी स्पर्धेच्या अ‍ॅपवर त्याचं होलवार कार्ड उघडून बसणं हाच मार्ग.

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, नीट बघा. इथले खड्डे खोल, तोंडाशी अरुंद, आणि पुढची भिंत गवताच्या मातीसकट कापलेल्या चिपा एकावर एक रचून केलेली, आपल्या गडग्यासारखी उभी. चेंडू त्या भिंतीच्या पायथ्याशी थांबला तर पुढे मारणं म्हणजे चेंडू भिंतीवर आपटून परत पायाशी येणं. जाणता खेळाडू तिथून आडवा, कधी चक्क मागे मारतो आणि एक फटका सोडून देतो. ते भित्रेपण नव्हे.

नियमांतली एक तरी गोष्ट आधी वाचून ठेवा: न खेळता येणारा चेंडू. एका फटक्याचा दंड घेऊन झेंड्याच्या सरळ रेषेत हवं तितकं मागे जाता येतं. 2017 साली रॉयल बर्कडेलला जॉर्डन स्पीथचा तेराव्या होलवरचा फटका टेकाडात भरकटला. हीच सवलत घेत तो सरावाच्या मैदानापर्यंत मागे गेला आणि बोगीवर निभावला. पुढच्या चार होलांत बर्डी, ईगल, बर्डी, बर्डी करून त्याने स्पर्धा जिंकली.

पावसाळा आपल्याकडचाही आहे. फोन आणि पॉवर बँक दुपारीच चार्ज करा. रेंज ढासळली की चित्राचा दर्जा 480 वर आणा, तेवढ्यानेही भागलं नाही तर चित्र बंद करून स्पर्धेचा रेडिओ लावा आणि स्कोअरबोर्ड उघडा ठेवा. डेटा फार कमी लागतो आणि खेळ बराचसा समजतो.

रविवारी बरोबरी झाली तर तीन होलांचा प्ले-ऑफ होतो, त्यातही बरोबरी राहिली तर एकेका होलवर निकाल. म्हणजे बारा वाजून जातील असं धरा. आणि सोमवारची संध्याकाळही शक्यतो मोकळी ठेवा. 2015 साली सेंट अँड्र्यूजला शनिवारी वाऱ्याने झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे थांबलेले चेंडू हलू लागले, खेळ थांबवावा लागला आणि झॅक जॉन्सन जिंकला तो सोमवारी.