पाण्यातला ताटवा: डच पद्धतीचा फिशटँक कसा लावावा

डच टँकमध्ये दगड आणि ओंडके शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. तिथे असतात ती झाडंच. वाफे पाडून, उंची जोखून, शेंडे खुडून राखलेली. दगड-ओंडक्यांची हिरवी दरीखोरी दिसते ती जपानच्या ताकाशी अमानो यांनी लोकप्रिय केलेली पद्धत. डच पद्धत तिच्या कितीतरी आधीची, १९३०च्या दशकात नेदरलँड्समध्ये रुजलेली. तिथल्या हौशी मंडळांच्या स्पर्धा आजही चालतात आणि परीक्षक स्पर्धकाच्या घरी जाऊन टँक बघतात. झाडांची मांडणी तर तपासतातच, पाणी आणि मासेही तपासतात.

हा टँक तुम्हाला जमेल का, हे पैशापेक्षा आठवड्यातून दीड तास कात्री हातात धरायची तयारी आहे का यावर ठरतं. तेवढा वेळ नसेल तर दुसरी पद्धत निवडा. त्यात कमीपणा काही नाही.

आधी कागद

९० × ४५ × ४५ सेंमीचा टँक धरू. एका कागदावर ९० बाय ४५चा आयत काढा, टँक वरून दिसतो तसा. डच मंडळींचा जुना ठोकताळा असा: लांबीच्या दर १० सेंमीला फार तर एक जात. म्हणजे आपल्याला नऊ. नवख्याने सातवर थांबावं. दुकानात गेल्यावर हे पाळणं किती अवघड जातं ते तिथे गेल्यावर कळेलच.

नियम एकच लक्षात ठेवा: शेजारी-शेजारी सारखी झाडं नकोत. लिम्नोफिलाच्या पिसासारख्या पानांशेजारी रोटालाची बारीक पानं लावलीत तर दोन्ही मिळून एकच हिरवा गोळा दिसतो. तिथे रुंद पानाची हायग्रोफिला कोरिम्बोसा लावा, लगेच दोन्ही उठून दिसतात. पानाचा आकार, रंग आणि उंची या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी शेजाऱ्यापेक्षा वेगळ्या हव्यात. लाल झाड जपून वापरा. अल्टरनॅन्थेरा रेनेकीचा एकच गच्च ताटवा, तोही बरोबर मध्ये न लावता एका बाजूने साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. चार ठिकाणी लाल टाकलं की डोळा कुठेच ठरत नाही.

गंमत म्हणजे या डच बागेतली झाडं डच नाहीतच. अल्टरनॅन्थेरा दक्षिण अमेरिकेतली, लोबेलिया उत्तर अमेरिकेतली आणि जिच्यासाठी लोक जीव टाकतात ती लालभडक रोटाला मॅक्रान्ड्रा आपल्या दक्षिण भारतातली. म्हणून पावसाळ्यात सह्याद्रीच्या पठारांवरून पिशवी भरून आणायचा मोह मात्र आवरा. तिथल्या काही पाणवनस्पती जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. विकत आणा, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाकडून कटिंग मागा.

टँक, स्टँड आणि तळ

या मापात १८२ लिटर पाणी मावतं. काच १० मिमीची घ्या. भरल्यावर सगळं मिळून सव्वादोनशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा स्टँड भिंतीलगत ठेवा, लेव्हल बघा आणि काचेखाली फोमची शीट घाला. मागच्या काचेला काळा कागद लावला तरी चालतं. डच लोक तिथे कॉर्क किंवा मॉसची भिंत करतात, पण ते पहिल्याच टँकला नको.

तळात बागेची चाळलेली माती आणि वर वाळू, हा स्वस्त मार्ग बरेच जण सांगतील. इतर टँकना तो उत्तम. इथे मी तो टाळतो, कारण आपण दर आठवड्याला रोपं उपटून पुन्हा लावणार. एक रोप उपसलं की खालची माती ढगासारखी वर येते आणि दोन दिवस टँक चहासारखा दिसतो. तयार ॲक्वासॉइल, म्हणजे पाणवनस्पतींसाठी केलेली दाणेदार माती घ्या. ते परवडत नसेल तर नुसती बारीक, धुतलेली वाळू घ्या आणि खत पाण्यातून द्या. समोर ५ सेंमी, मागे १० सेंमी असा उतार ठेवा.

लावणी

तळ भिजेल इतकंच पाणी घाला, जवळ पाण्याचा स्प्रे ठेवा आणि लांब चिमटा घ्या. जुडी आहे तशी खोचायची नाही. जुडीला बांधलेली शिशाची पट्टी किंवा रबर काढा, प्रत्येक काडी वेगळी करा, खालची दोन पानं खुडा, काडी चिमट्यात बुडखाच्या टोकाशी धरा आणि तिरकी आत सरकवा. चिमटा हळूच उघडून बाजूने काढा. सरळ वर ओढलात तर काडीही त्याच्याबरोबर वर येते. दोन काड्यांत दीड-दोन सेंमी अंतर ठेवा. एका ताटव्यात पंधरा-वीस काड्या लागतात. समोरच्या ओळीच्या काड्या आखूड, मागच्या लांब. तीन तास लागतील, कंबर धरेल. पंखा बंद ठेवा, नाहीतर पानं सुकतात.

आता खरी डच खूण: लायडनचा रस्ता. लायडन हे तिथलं विद्यापीठाचं गाव, त्याच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. एकाच जातीच्या रोपांची पट्टी समोरच्या काचेपासून तिरकी मागे जाते आणि मागे जाताना निमुळती व उंच होते. त्यासाठी लोबेलिया कार्डिनॅलिस सर्वात सोयीची. समोर चार-पाच रोपं शेजारी, ३-४ सेंमी उंचीची. मग प्रत्येक ओळीत रुंदी थोडी कमी, उंची थोडी जास्त. शेवटी एक-दोन रोपं, १५-२० सेंमीची. लावण्याआधीच रोपं उंचीनुसार टेबलावर ओळीने मांडून घ्या, काम निम्मं होतं. नीट जमलं तर ४५ सेंमीचा टँक मीटरभर खोल वाटतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गडद किंवा तपकिरी पानं हवीत. क्रिप्टोकोरिन वेंडटी तिथे शोभते.

लावून झालं की तळावर ताटली ठेवून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडा.

प्रकाश आणि गॅस

पहिले तीन आठवडे रोज सहा तास प्रकाश, नंतर आठ. त्याहून वाढवू नका, वाढेल ते शेवाळ. कार्बन डायऑक्साइडशिवाय असा टँक उभा राहत नाही. यीस्ट-साखरेच्या बाटलीत घरी तयार केलेला गॅस या मापाला पुरा पडत नाही, सिलिंडरच हवा. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह असलेला रेग्युलेटर घ्या. दिवे लागायच्या दीड तास आधी गॅस सुरू करा आणि दिवे जायच्या तासभर आधी बंद. पाण्यातला गॅस रंगावरून दाखवणारी छोटी काचेची कुपी, म्हणजे ड्रॉप चेकर, टँकमध्ये लावा. तो निळा असेल तर गॅस कमी, पोपटी असेल तर बरोबर, पिवळा झाला तर जास्त. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर रंग न बघता आधी गॅस बंद करा आणि पाणी हलतं ठेवा.

टायमर बॅटरीवाला डिजिटल घ्या. मी आधी चाकाचा स्वस्त टायमर लावला होता. वीज गेली की तो तिथेच थांबायचा. महिनाभरात तो इतका मागे पडला की रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो तर टँक लख्ख उजळलेला.

खत

छोट्या बाटल्यांतली द्रवखतं या टँकला महाग पडतात. नाशिकच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला पाठ असलेली विद्राव्य खतं इथेही चालतात: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. तळ आणि वरची जागा वजा जाता टँकमध्ये साधारण १५० लिटर पाणी राहतं. त्याला एका वेळी पहिलं दीड ग्रॅम आणि दुसरं ०.३ ग्रॅम, आठवड्यातून तीनदा. लोहासह सूक्ष्म अन्नद्रव्यं मधल्या दिवशी द्या, कारण लोह आणि फॉस्फेट एकत्र आले की साका बसतो. वजनासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. चमच्याने अंदाज घेऊ नका.

उरलेलं खत साठू नये म्हणून दर आठवड्याला निम्मं पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने मारा. बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यात रोटाला मॅक्रान्ड्रासारखी नाजूक झाडं खुरटतात. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं तर पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात.

पहिला महिना, मग मासे

दुसऱ्या आठवड्यात जुनी पानं विरघळायला लागतात. घाबरू नका. नर्सरीत ही झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात आणि ती पानं पाण्यात टिकत नाहीत. सडकी पानं काढत राहा, नवा शेंडा दिसला की झाड लागलं. काचेवर तपकिरी थर येतो, तो पुसा. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट चाचणीत शून्य दाखवेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, मासे नकोत. नंतर एकाच जातीचा मोठा थवा सोडा, पंधरा-वीस कार्डिनल टेट्रा. दोन-दोन करून सहा जाती आणल्या की बागेत बाजार भरल्यासारखं वाटतं. गोल्डफिश तर अजिबात नको, तो सगळी लावणी फस्त करतो.

छाटणी

इथून पुढे हेच काम. ताटवा पृष्ठभागाच्या जवळ आला की वरचे शेंडे कापा, बोडके झालेले बुडखे उपटून टाका आणि शेंडे पुन्हा लावा. नुसतं वरून कापत राहिलात तर खालची पानं अंधारात गळतात आणि समोरून काड्याच दिसतात. प्रत्येक ताटव्याचा माथा किंचित उतरता कापा आणि शेजारच्या ताटव्याशी बोटभर फट ठेवा. ती सावलीची रेघच दोघांना वेगळं दाखवते. लायडनच्या रस्त्यात मात्र अदलाबदल करायची. समोरचं उंच झालेलं रोप मागच्या ओळीत आणि शेवटच्या उंच रोपाचा कापलेला शेंडा सगळ्यात पुढे.

दर रविवारी अर्धी बादली शेंडे निघतात. आमच्या आईला त्यांची भाजी का होत नाही याचं वाईट वाटतं. ओळखीच्यांना द्या, उरलेलं उन्हात कडक वाळवून कुंडीत टाका. नदी, तळं किंवा नाल्यात टाकू नका. यातली काही झाडं इंचभर काडीवरून पुन्हा फुटतात.