मुंबईहून अमेरिकेला किती तास लागतात? ठाण्यातल्या घरापासूनचा हिशोब कसा मांडावा

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता क्वचितच एखादी सोसायटी असेल, जिथल्या कोणाचा मुलगा, कोणाची लेक समुद्रापलीकडे नाही. आईवडील पहिल्यांदा निघाले की शेजारी विचारतात, "किती तासांचा प्रवास?" उत्तर ठरलेलं असतं, "सोळा तास." हे सोळा तास फक्त विमानाचे. औषधं किती न्यायची, रक्तदाबाची गोळी कधी घ्यायची, तिकडे न्यायला येणाऱ्याने कामावरून कधी सुटायचं, हे सगळं ठरतं ते घराच्या उंबऱ्यापासूनच्या तासांवर. म्हणून तिकीट हातात आल्यावर एक कोरा कागद घ्या आणि पुढचा हिशोब स्वतः मांडा. एजंटावर किंवा मुलांवर सोपवू नका. स्वतः मांडलेला हिशोब विमानात आठवतो आणि त्याने धीर येतो.

आधी तारीख वाचा

मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि पहाटे १:३० अशी वेळ असेल, तर घरातून ११ तारखेच्या रात्री निघायचं आहे. बारा तारखेला रात्री जेवून निघू म्हणालात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल. कागदावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहा: 'घरातून निघणे, ११ तारीख, रात्री'. सोबत वारही लिहा, कारण वार लक्षात राहतो.

त्याच वेळी विमानतळाचा कोडही बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी विमानं सुटू लागली आहेत. सहारच्या विमानतळाचा कोड बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. दिल्लीमार्गे जाणार असाल तर पहिला टप्पा उलव्याहून (म्हणजे नवी मुंबई विमानतळावरून) आणि परतीचा शेवटचा टप्पा सहारला, असंही तिकीट निघू शकतं. ऐरोलीत राहणाऱ्याला याने फार फरक पडणार नाही, पण गाडी कुठे पाठवायची हे आधी कळलेलं बरं.

दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणा

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहरातली आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहरातली असते. त्यांची सरळ वजाबाकी केली की चुकलंच. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे आणि उन्हाळ्यात साडेनऊ, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा आणि साडेबारा तास मागे. लंडन साडेपाच आणि साडेचार, मात्र त्यांचे घड्याळबदलाचे रविवार वेगळे: मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा.

हिवाळ्यातलं एक उदाहरण घ्या. मुंबईहून पहाटे १:३० ला सुटून विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोहोचतं. वाचताना सहाच तास दिसतात. पण तिथे सकाळचे साडेसात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. म्हणजे साडेसोळा तास झाले. परतताना न्यूयॉर्कहून सकाळी ११:३० ला निघून मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०, म्हणजे पंचवीस तास दिसतात. त्यातून साडेदहा वजा केले की उरतात साडेचौदा. पोहोचण्याच्या वेळेपुढे '+१' असं लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ, '+२' असेल तर तिसऱ्या.

हा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटला लागणं, सगळं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्ष उड्डाण अर्धा-पाऊण तास कमी भरतं. कॅप्टन घोषणेत सांगतो ते तास म्हणूनच तिकिटापेक्षा थोडे कमी असतात.

अंतरावरून पडताळा

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५५० किलोमीटर, मुंबई ते लंडन ७,२००. मोठी विमानं दहा-बारा किलोमीटर उंचीवरून ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात. चढ-उतार आणि वळसे धरून ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. न्यूयॉर्कला साडेपंधरा तास येतात, लंडनला सव्वानऊ. तिकिटावरचा आकडा याच्या दोन्ही बाजूंना तासभर असेल तर हिशोब बरोबर आहे. दोन-तीन तास जास्त दिसले तर मधे थांबा आहे का ते शोधा.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका, कारण तो नकाशा पृथ्वी सपाट करून काढलेला असतो. नातवंडांच्या पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. मुंबई आणि न्यूयॉर्कमधला दोरा उत्तरेकडे, थोडा पश्चिमेला झुकून चढतो. प्रत्यक्षात विमान तसंच जाईल असं नाही. बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचे तास वाढले आणि काहींना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईहून पश्चिमेला जाणारी विमानं बऱ्याचदा अरबी समुद्रावरून निघतात, त्यामुळे त्यांना झळ कमी बसते.

समुद्राची धास्ती वाटणाऱ्यांसाठी एक सांगतो. सोळा तासांतला बराचसा वेळ खाली जमीन असते. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंतचा अटलांटिक सुमारे ३,००० किलोमीटरचा आहे, म्हणजे साडेतीन-चार तासांचा. जून १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन या दोघा ब्रिटिशांनी विमानातून तेवढाच समुद्र पहिल्यांदा न थांबता ओलांडला, त्यांना जवळजवळ सोळा तास लागले होते. आज तेवढ्या तासांत आपण मुंबईहून न्यूयॉर्कला उतरतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

वाऱ्याची बाजू ओळखा

जाताना आणि येताना तास वेगळे का, याचं कारण जेट प्रवाह. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात तो फारच वाढतो. पश्चिमेला जाताना तो समोरून येतो, पूर्वेला जाताना पाठीमागून. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. आखातातून किंवा युरोपातून गेलात तर जाणं लांबतं, येणं लवकर होतं. हाँगकाँगमार्गे पॅसिफिकवरून गेलात तर उलट. हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्को साधारण साडेबारा-तेरा तास, परत येताना चौदा-पंधरा. शिवाय पॅसिफिकमधली आंतरराष्ट्रीय वाररेषा, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, ओलांडली जाते. दुपारी दोनला हाँगकाँगहून निघालात, तर सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास उतरता. परतताना एक तारीख गळते. त्या तारखेला घरी काही कार्य ठेवलं असेल तर ते आधीच पुढे ढकला.

मधला थांबा

अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर पहिल्या शहरातच इमिग्रेशन होतं, आणि सहसा तिथेच सामानही उचलून पुन्हा द्यावं लागतं. त्यासाठी दीड तास पुरत नाही. किमान तीन तासांचा थांबा घ्या, वडीलधाऱ्यांसाठी चार. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. चालता येत असलं तरी मागा, मोठ्या विमानतळांवर चालणं फार असतं आणि सोबतीला माणूस मिळतो.

घर ते विमानतळ

पहाटे दीडच्या विमानासाठी साडेदहापर्यंत सहारला पोहोचायचं. ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्ग, कांजूरमार्गला जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता), पवई, मरोळ या वाटेला रात्री तास-दीड तास धरा. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे राहत असाल तर आणखी अर्धा-पाऊण तास, रात्री अवजड गाड्या तिथेच असतात. वाशी-नेरुळहून मानखुर्द, चेंबूरवरून या. सामान कमी असेल आणि पोहोचवायला गेलेल्यांना परतायचं असेल, तर दिवसा घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथे गाडी बदलून थेट टी-टू (सहारचं टर्मिनल दोन) हा मार्ग चांगला आहे.

आता बेरीज. घरातून पावणेनऊला निघालात. विमान सुटेपर्यंत पावणेपाच तास, विमानात साडेसोळा, इमिग्रेशन आणि सामानाला दीड, मुलाच्या घरापर्यंत सव्वा. चोवीस तास. सोळा समजून औषधं हाताशी ठेवली तर एक वेळ कमी पडते.

तासांची वाटणी

गोळ्यांच्या वेळा पोहोचेपर्यंत भारतीय घड्याळाप्रमाणे ठेवणं सोपं जातं, पण इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहूनच घ्यावं. सगळी औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरचा. हवा कोरडी असते. म्हणून पाणी थोडं थोडं पीत राहा आणि जाग असेल तेव्हा दर तासा-दोन तासांनी उठून चाला. चार तासांपेक्षा जास्त बसून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. ज्यांना आधी तसा त्रास झाला आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

कागदाच्या दोन प्रती करा. एक हातातल्या बॅगेत, दुसऱ्या प्रतीचा फोटो न्यायला येणाऱ्याला पाठवा. त्याला सांगा, विमान टेकल्याची वेळ धरून निघू नको, त्यात दीड तास मिळव. परतीला तुम्हाला घ्यायला येणाऱ्यालाही हेच सांगा, फक्त सहारला सामान लवकर आलं तर फोन करा.