आधी पतंग सोडायला शिका

आमच्या पवनीकडे संक्रांतीला पतंग कटला तर पोरं अर्धं गाव पालथं घालतात, पण हातातली चक्री सोडत नाहीत. तीच सवय घेऊन मी रामेश्वरमला काईटबोर्डिंग, म्हणजे पायाखाली फळी घेऊन मोठ्या पतंगाच्या ओढीने पाण्यावर घसरत जायचा खेळ, शिकायला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी गुडघा फोडून घेतला. आता गावाकडून कोणी निघालं की मला विचारतात, म्हणून हे लिहितोय.

हा पतंग नऊ-बारा चौरस मीटरचा, दोऱ्या वीसेक मीटर लांब. कमरेला हार्नेस म्हणजे रुंद पट्टा, त्याला पतंग अडकवलेला, हातात फक्त बार, म्हणजे दोऱ्या बांधलेला दांडा. बार जवळ ओढला की ताकद वाढते, लांब सोडला की कमी होते. घाबरलेला माणूस हातातलं छातीशी कवटाळतो. मीही तेच केलं. वाऱ्याचा झोत आला, पतंग डोक्यावरून खाली माझ्यासमोर उतरला, आणि ओढ सगळ्यात जास्त तिथेच असते. गुडघाभर पाण्यातून मी फरपटत गेलो, तळाशी शिंपले होते.

सोडण्याच्या तीन पायऱ्या आहेत. आधी बार सोडायचा. तरी ओढ थांबली नाही तर हार्नेसजवळचं लाल क्विक रिलीज, म्हणजे झटक्यात पतंग सोडवणारी कळ, पुढे ढकलायचं. मग पतंग एकाच दोरीवर लोळतो, ताकद जाते. तरीही ओढत असेल, किंवा दुसऱ्या कोणाच्या दोऱ्यांत गुंतला असेल, तर लीश, म्हणजे पतंगाला हार्नेसशी जोडणारी शेवटची दोरीसुद्धा सोडून द्यायची. पतंग जाऊ द्या. शिक्षकाने मला वाळूवर उभं करून, डोळे मिटायला लावून, हाताने ते रिलीज शोधायला लावलं, पन्नासेक वेळा. कंटाळा आला होता. पण पाण्यात तोंडावर खारं पाणी उडत असताना खाली बघायला वेळ नसतो, तेव्हा हातालाच माहीत असावं लागतं.

मांजा बोटाला गुंडाळायची आपली खोड घरीच ठेवून या. ताणलेली दोरी बोट तोडू शकते.

धान उपणताना आपण वारा कुठून येतो ते आधी बघतो, तसंच इथे. किनाऱ्याला समांतर किंवा थोडा किनाऱ्याकडे येणारा वारा चांगला. जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर उतरूच नका, परत येणं कठीण. नवख्याला ताशी 22 ते 30 किलोमीटरचा एकसारखा वारा पुरे. हेल्मेट आणि जॅकेट घाला. शिक्षकाकडे आयकेओचं (या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) प्रमाणपत्र आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा, लाजू नका.

“दादा, मग आपल्या जवळच्या गोसीखुर्द धरणावरच शिकलो तर?” हे सगळेच विचारतात. नको. धरणाच्या पाण्याखाली बुडालेलं शिवार आहे, वर मासेमारांची जाळी, आणि काठच्या झाडांवरून येणारा वारा तुटक. क्षणात मेलेला, क्षणात झोत. त्यात मे-जूनचं वावधान. समुद्रावरही काळा ढग चढताना दिसला तर अजून एक फेरी म्हणून थांबू नका. तेव्हाच पतंग उतरवा, त्याच्या फुगवलेल्या नळ्यांतली हवा काढा, वर वाळू टाका.