'स्टॉप' नेमका कुठे वापरायचा

मराठीतलं 'थांबणे' तीन कामं करतं, 'स्टॉप' त्यातलं एकच. निम्म्या चुका इथेच होतात. चालू हालचाल किंवा चालू काम बंद झालं तर 'स्टॉप'. कुणाची वाट पाहायची असेल तर 'वेट'. मुक्काम करायचा असेल तर 'स्टे'. 'मी तुझ्यासाठी अर्धा तास थांबलो' याचं इंग्रजी 'आय वेटेड फॉर यू फॉर हाफ ॲन आवर'. तिथे 'स्टॉप' घातला तर ऐकणाऱ्याला वाटेल की गाडी बंद पडली की काय! 'आज रात्री इथेच थांबा' म्हणजे 'स्टे हिअर टुनाइट'. (ब्रिटनमध्ये बोलताना काही जण मुक्कामालाही 'स्टॉप' म्हणतात. ऐकलं तर ओळखावं, स्वतः लिहू नये.)

शंका आली की 'थांब'च्या जागी 'वाट बघ' ठेवून पाहा, मग 'राहा'. दोन्ही बसत नसतील तर 'स्टॉप' घ्या.

'थांबणे' आणि 'थांबवणे' या दोन्हींना इंग्रजीत एकच क्रियापद आहे. 'द कार स्टॉप्ट' म्हणजे गाडी थांबली, 'शी स्टॉप्ट द कार' म्हणजे तिने ती थांबवली. पाऊस आपला आपण थांबतो, म्हणून 'द रेन वॉज स्टॉप्ट' चुकीचं. 'द रेन हॅज स्टॉप्ट' किंवा 'इट हॅज स्टॉप्ट रेनिंग' म्हणा.

आता सगळ्यात फसवा भाग. 'स्टॉप'पुढच्या क्रियापदाला 'इंग' लागलं तर ते काम बंद होतं. 'टू' आलं तर ते काम करण्यासाठी माणूस दुसरं काहीतरी थांबवतो. 'ही स्टॉप्ट स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगारेट ओढणं बंद केलं. 'ही स्टॉप्ट टू स्मोक' म्हणजे तो सिगारेट ओढायला थांबला. डॉक्टरांना सांगताना हा फरक महागात पडेल. आधी मराठी वाक्य मनात म्हणा: 'बोलणं थांबवलं' असेल तर 'टॉकिंग', 'बोलायला थांबला' असेल तर 'टू टॉक'.

एखाद्याला काही करण्यापासून रोखायचं असेल तर क्रम असा: 'स्टॉप', माणूस, 'फ्रॉम', मग 'इंग'चं रूप. 'द नॉइझ स्टॉप्ट मी फ्रॉम स्लीपिंग'. 'स्टॉप्ट मी टू स्लीप' होत नाही. ब्रिटिश बोलण्यात हा 'फ्रॉम' कधी गळतो, पण कर्मणी वाक्यात तो लागतोच: 'वी वेअर स्टॉप्ट फ्रॉम एंटरिंग'.

भूतकाळी रूप लिहिताना 'पी' दोनदा येतो, 'स्टॉपिंग'मध्येही. उच्चार मात्र 'स्टॉप्ट'; 'स्टॉपेड' नाही.

रोज कानावर पडणारे वाक्प्रयोग थोडेच. 'स्टॉप बाय' म्हणजे जाता जाता डोकावणं. 'स्टॉप ओव्हर' म्हणजे लांबच्या प्रवासात मध्ये मुक्काम. 'पुट अ स्टॉप टू' नकोशी गोष्ट बंद पाडण्यासाठी. चांगल्या कामाबद्दल तो वापरला तर विचित्र वाटतो. 'स्टॉप शॉर्ट ऑफ' मजेदार आहे: 'शी स्टॉप्ट शॉर्ट ऑफ कॉलिंग हिम अ लायर', म्हणजे खोटारडा म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. 'पुल आउट ऑल द स्टॉप्स' याचा थांबण्याशी संबंधच नाही, उलट जिवाचं रान करणं असा अर्थ. पाइप ऑर्गनमध्ये 'स्टॉप' नावाच्या खुंट्या असतात. त्या सगळ्या ओढल्या की सगळ्या नळ्यांना हवा मिळते आणि वाद्य पूर्ण आवाजात वाजतं.

'स्टॉपेज' जपून वापरा. गाडीच्या थांब्याला मराठीत तो शब्द रुळला आहे, पण इतरत्र त्याचा अर्थ काम बंद पडणं किंवा अडथळा असा घेतला जातो. फुटबॉलमध्ये खोळंब्याची भरपाई म्हणून जोडलेली मिनिटं म्हणजे 'स्टॉपेज टाइम'. बसच्या थांब्याला 'बस स्टॉप' पुरे.